बिळाच्या तोंडचा दगड

दक्षिणेचा वारा सुटला की आमच्या किनाऱ्यावरची माणसं चिडकी होतात. होड्या वाळूवर पडून राहतात, पुरुष चिंचेखाली बसून जाळी दुरुस्त करण्याचं सोंग करतात, आणि रोज तोच उकडलेला कसाव्याचा कंद पुढे आला की पोरं तोंड फिरवतात. त्या वर्षी वारा थांबायचं नाव घेईना. त्यात वातोफोत्सीचा खडक गावानं बंद केलेला.

बंद म्हणजे तिथे कोणी ऑक्टोपस धरायचा नाही. पिल्लं मोठी होऊ द्यायची आणि ठरलेल्या दिवशी सगळ्या गावानं एकदम उतरायचं. ठराव गावानंच केला, हातही गावानंच वर केले, आणि दुसऱ्या दिवसापासून गावच एकमेकांकडे चोर म्हणून बघायला लागलं. कोणाच्या चुलीतून जरा जास्त धूर निघाला तरी शेजारीण वास घ्यायला दारात उभी.

खडकाची राखण बेनुआकडे होती. त्याची बायको तिनासोआ मोजणीच्या बायकांत. एकाच घरात दोन्ही मान आल्यामुळे काही लोकांच्या पोटात दुखत होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नव्हतं.

उधाणाच्या ओहोटीला मोजणी झाली. राजधानीकडून आलेली वुनी नावाची मुलगी दोरी घेऊन पुढे, आणि दोरीच्या दोन्ही बाजूंनी बायका गुडघाभर पाण्यातून चालत. बिळापुढे खेकड्यांची ताजी टरफलं दिसली तर ओरडायचं, "राहतं!" नसली तर, "रिकामं!" वुनी पाटीवर रेघ मारायची. वुनी चांगली मुलगी होती, पण वरच्या मुलखातली. एवढं मोजून ही नेमकं काय करणार, याबद्दल गावात पाच-सहा मतं होती आणि त्यातलं एकही बरं नव्हतं.

बायकांचं दुखणं वेगळंच होतं. आमच्याकडे बीळ ही घरातली गोष्ट. सासू सुनेला दाखवते, आई मुलीला. सख्ख्या जावेलाही सांगत नाहीत. आता दोरी आडवी येईल तिथे आपलंच बीळ गावापुढे ओरडून सांगायचं, म्हणजे चुलीवरचं झाकण काढून दाखवण्यासारखंच. तरी तिनासोआ प्रामाणिकपणे ओरडत होती. तिला ते काम आवडायला लागलं होतं. शेवटी किती झाले ते वुनी सांगायची तेव्हा आपल्या शेतातलं पीक ऐकल्यासारखं तिला वाटायचं.

दोरीच्या पलीकडच्या बाजूला झेझे होती. झेझे तिची शेजारीण आणि झिवा. दोघींच्या कुळांचं हे नातं खापरपणजोबांच्याही आधीपासूनचं. झिवाला तोंडाला येईल ते बोलायचं, मयताच्या घरी जाऊन सुद्धा थट्टा करायची, त्याच्या घरातलं हवं ते उचलायचं. आणि झिवावर रागवायचं मात्र नाही. रागावलं, त्याचं वाईट केलं, तर पूर्वज घरात आजारपण धाडतात. झेझेनं हा हक्क लहानपणापासून पुरेपूर वापरला होता. तिनासोआच्या लग्नात ती नवरदेवाला म्हणाली होती, "भांडी मोजून ठेव रे, बाई हाताची चोर आहे." तेव्हापासून ती तिनासोआला चोरटीच म्हणायची.

"काय गं चोरटे, झोपलीस का?" झेझे ओरडली. "तुझ्या बाजूनं आवाजच नाही."

"तुझ्या तोंडापुढे कोणाला आवाज आहे?" तिनासोआ म्हणाली आणि एक पाऊल पुढे टाकून थबकली.

पायाशी तिचंच बीळ होतं. सासूनं पहिल्यांदा दाखवलेलं. बिळाच्या तोंडावर एक चपटा दगड समुद्राकडे तिरका टेकवलेला, आणि दगडाखाली दोन बोटं फट राहावी म्हणून शंखाचा पांढरा तुकडा पाचरीसारखा बसवलेला.

ऑक्टोपस काढल्यावर दगड परत लावायचा, म्हणजे रिकाम्या घरात दुसरा येऊन राहतो. हे सगळ्याच बायका करतात, पण प्रत्येक घराची लावायची तऱ्हा निराळी. शंखाची पाचर ही हाओवाची, तिच्या सासूची तऱ्हा. आणि दगड ताजा होता. मागच्या आठवड्यातल्या लाटांत असला दगड टिकला नसता.

 तिनासोआनं इकडेतिकडे पाहिलं आणि पायानं दगड ढकलून दिला. पाचर पाण्यात गडप झाली.

"राहतं की रिकामं?" वुनीनं विचारलं.

"रिकामं," तिनासोआ म्हणाली.

दोरीपलीकडून झेझे बघत होती. तिचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं. मग ती मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई! राखणदाराची बायको पायानं काय लपवतेय बघा! चोरटे, गावचे ऑक्टोपस तूच खातेस ना?"

बायका खिदळल्या. तिनासोआही हसली, पण तिचे ओठ वाऱ्यानं फुटलेले होते आणि हसताना त्यातून रक्त आलं.

त्या संध्याकाळी हाओवा जेवली नाही.

"भूक नाही," म्हातारी म्हणाली आणि बोरूच्या भिंतीला पाठ लावून बसली. तिच्या डोळ्यांवर पांढरट सायी आल्या होत्या. माणूस ती आवाजावरून ओळखायची, पण खडकावर तिचे पाय अजून आपले आपण चालायचे. ओहोटीला टोपली घेऊन ती उघड्या बाजूला शिंपल्या वेचायला जायची. उघडी बाजू कुठे संपते आणि बंद बाजू कुठे सुरू होते, हे तिला कोणी सांगावं लागत नव्हतं.

तिनासोआनं कसाव्याची वाटी तिच्या हातात दिली आणि देताना हात जरा जास्तच वेळ धरला. हाताला चुलीच्या राखेचा वास होता. म्हातारीनं राखेनं हात कशाला धुतले असतील? राखेनं ऑक्टोपसचा चिकटपणा आणि वास जातो.

"काय बघतेस?" हाओवानं विचारलं.

"काही नाही."

"मला दिसत नाही म्हणून तुझं बघणं कळत नाही असं समजू नकोस."

दुसऱ्या दिवशी म्हातारी निघाली तशी तिनासोआ अंतर ठेवून तिच्या मागे गेली. वारा तोंडावर वाळू मारत होता. हाओवा वाकून शिंपल्या चाचपत हळूहळू पुढे गेली. बंद खडकाच्या सीमेवर लाल चिंधीची काठी रोवलेली होती, तिथे पोचली. काठीला हात लावला.  म्हातारी तिथेच एका दगडावर बसली आणि पाय पाण्यात सोडले.

"मागे मागे कशाला येतेस?" ती वळून न बघता म्हणाली. "मी पडेन म्हणून, की मला पकडायला?"

 तिनासोआ म्हणाली, "तुमची टोपली घ्यायला आले." म्हातारीनं टोपली पुढे केली. तळाशी मूठभर शिंपल्या होत्या. तिनासोआला लाज वाटली, पण संशय काही गेला नाही. लाज आणि संशय एकाच घरात सुखानं राहू शकतात, हे तिला त्या दिवसांत कळलं.

बेनुआ घरी आला तोच तडकलेला. वाऱ्यात दिवसभर किनाऱ्यावर बसून त्याचे डोळे लाल झाले होते. जेवायला तेवढा तो घरी यायचा आणि तसाच परत जायचा.

"मोजणीत दगडाला पाय का मारलास?" त्यानं विचारलं.

"कोण म्हणालं?"

"सगळं गाव म्हणतंय. झेझे थट्टेत म्हणाली, बाकीचे थट्टेत म्हणत नाहीत. मी तिथे डोळे फोडून घ्यायचे आणि माझीच बायको..."

"तुझीच बायको काय? बोल की पुढे."

 तिनासोआच्या जिभेवर आलं होतं, बायकोला विचारण्याआधी आईला विचार. भिंतीपलीकडे म्हातारी खोकली आणि ते शब्द तिनं गिळले. बेनुआनं ते गिळणं पाहिलं आणि त्याला वाटायचं तेच वाटलं. तो वाटी तशीच ठेवून बाहेर पडला. त्यानंतर नवराबायको एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत होते.

चार-पाच दिवस असेच गेले आणि मग एका कुत्र्यानं त्यांची अब्रू चव्हाट्यावर आणली.

सकाळी विहिरीवर बायकांची गर्दी होती. हाओवाच्या खोलीमागची वाळू उकरून कुत्र्यानं काहीतरी ओढून आणलं आणि सगळ्यांसमोर टाकून चावायला लागला. उलटी केलेली ऑक्टोपसची डोक्याची पिशवी. वाळूनं माखलेली, तरी ओळखू येत होती. बंदीच्या दिवसांत, राखणदाराच्या अंगणातून.

 तिनासोआच्या पुढे उभी असलेली बाई रोज तिच्या हंड्यात पहिली बादली ओतायची. तिनं आज बादली आपल्याच हंड्यात ओतली आणि हंडा उचलून चालू लागली.

"बघा! मी म्हणत नव्हते?" झेझेचा आवाज आला. "चोरांचं घर आहे ते! सासू चोर, सून चोर, नवरा झोपाळू!"

दोघीतिघी हसल्या, पण ते हसू सुकलेलं होतं. झेझे पुढे आली, कुत्र्याच्या पाठीत लाथ घातली, ती पिशवी दोन बोटांनी उचलली आणि तरातरा जाऊन समुद्रात भिरकावली. परत येताना तिनासोआजवळून जाताना ती हळूच म्हणाली, "उभी काय राहिलीस? पाणी भर."

झेझेचा नवरा गेल्या थंडीत समुद्रकाकड्या, म्हणजे तळाशी पडून राहणारे मऊ प्राणी, धरायला उत्तरेला गेला होता. बरोबरचे लोक परतले, तो परतला नाही. कोणी म्हणे तिकडेच दुसरं घर केलं, कोणी म्हणे होडी फुटली. झेझे म्हणायची, "मला कंटाळून पळाला, शहाणा आहे." तिच्याकडे तीन पोरं होती आणि होडी नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं. पण ती स्वतःच एवढं हसायची की कोणी काळजी करायची कशाला.

बैठक चिंचेखाली भरली. समितीचा अध्यक्ष रेमांजा, म्हातारा आणि सरळ माणूस, त्यानं पूर्वजांची नावं घेऊन रमचा घोट जमिनीवर ओतला. मग त्यानं ठराव सांगितला, जणू कोणी विसरलं होतं. ज्याच्या घरी बंद खडकावरचा ऑक्टोपस सापडेल त्यानं बकरा द्यायचा, आणि खडक उघडायच्या दिवशी त्या घरातल्या कोणी पाय ठेवायचा नाही.

बकरा बेनुआकडे एकच होता. पण तिनासोआला खरी धास्ती होती ती उघडण्याच्या दिवसाची. वाऱ्यानं घर रिकामं केलं होतं. त्या दिवसाच्या ऑक्टोपसांवर तांदूळ, अंगावरचं कापड, होडीचं नवं शीड, सगळं टांगलेलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या दिवशी अख्खं गाव खडकावर आणि आपण वाळूवर, हे शेजारच्या गावांनी सुद्धा बघायचं.

"बेनुआ, तुझ्या घरामागे सापडलं," रेमांजा म्हणाला. "काय सांगतोस?"

बेनुआ उठला. "मी खाल्लं नाही. मी धरलं नाही." मग त्यानं बायकोकडे पाहिलं. फक्त पाहिलं, पण सगळ्या गावानं त्याची नजर कुठे गेली ते बघितलं. कुजबुज सुरू झाली. तिनासोआला वाटलं, हा माणूस आत्ता समुद्रात बुडाला तरी मी रडणार नाही.

तेवढ्यात बायकांमधून झेझे उठली.

"कोणाला काय विचारता?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मी खाल्ला! मीच धरला, मीच शिजवला, आणि या आंधळ्या म्हातारीला मीच भरवला!"

सगळी बैठक हसायला लागली. इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू होतं ते. पुरुष मांड्यांवर थापा मारायला लागले. एक जण ओरडला, "आणि नवऱ्याला पण तूच खाल्लास ना?" पुन्हा हशा.

"खरं सांगतेय," झेझे म्हणाली. "मी खाल्ला."

"झेझे, आज थट्टा नको," रेमांजा म्हणाला, पण त्याच्याही मिशा हलत होत्या.

वुनी मागे पाटी मांडीवर घेऊन बसली होती. ती गोंधळून म्हणाली, "पण ती म्हणतेय ना, तिनं केलं म्हणून? मग तिला विचारा की."

आता तर लोक लोळायचे बाकी राहिले. रेमांजानं वुनीला समजावलं, "पोरी, ती यांची झिवा आहे. झिवानं मयतात सुद्धा असंच बोलायचं असतं. यांच्यावर संकट आलंय म्हणून ती हसवतेय. तू वरच्या मुलखातली, तुला कळायचं नाही."

"अच्छा," वुनी म्हणाली आणि लाजून खाली बघायला लागली.

झेझे अजून उभीच होती. ती हसत नव्हती. तिनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, मग तिनासोआकडे, आणि कमरेवरचे हात सोडून खाली बसली. तिनासोआनं हे पाहिलं. वाळूवर टेकलेल्या तिच्या पावलांवर खडकानं कापल्याच्या बारीक ताज्या रेघा होत्या. पण मोजणीला गेलेल्या सगळ्याच बायकांच्या पावलांवर त्या होत्या.

"मी केलं," हाओवा म्हणाली.

हसू थांबलं. म्हातारी काठीला धरून उठत होती, कोणीतरी तिला आधार दिला. "मला चव हवी होती. मी खाल्लं. मीच पुरलं. सुनेला ठाऊक नाही, पोराला ठाऊक नाही. लिहा काय लिहायचं ते."

कोणी शंका घेतली नाही. आंधळी होत चाललेली बाई एकटी खडकात जाऊन ऑक्टोपस कसा काढेल, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना घरी जायचं होतं. रेमांजा म्हणाला, "वय झालंय, म्हणून आणखी काही नाही. पण ठराव तो ठराव." बकरा गेला. राखण दुसऱ्याकडे गेली. उघडण्याच्या दिवसाचा हक्क गेला. बेनुआ आईचा हात धरून चालायला लागला आणि वाटेत त्यानं बायकोला एकदाही हाक मारली नाही.

घरी पोचल्यावर तिनासोआनं चूल पेटवली नाही. ती सासूसमोर उकिडवी बसली.

"शंखाची पाचर," ती म्हणाली. "ती आणखी कोणाला माहीत आहे?"

हाओवानं काठीची मूठ कुरवाळली.

"झेझेची आई गेली तेव्हा ती एवढीशी होती. मी तिला खडकावर न्यायचे. एक बीळ दाखवलं. पोरगी उपाशी राहू नये म्हणून."

"माझं बीळ!"

"तेव्हा माझं होतं."

"आणि तुम्ही खाल्लंत. मला वाटलं तुम्ही..." तिनासोआ पुढे सरकली. "मी तुमचे हात हुंगले, आई! मी चोरासारखी तुमच्या मागे फिरले. नवरा माझ्याशी बोलत नाही. तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तिनं पानात बांधून डोक्याची पिशवी आणि एक पाय आणून दिला. कुठला ते मी विचारलं नाही. झिवानं आणलेलं विचारायचं नसतं. पोरांनी खाल्लं का एवढंच विचारलं. खाल्लं म्हणाली." म्हातारीनं डोळे पुसले. "आणि सांगायचं काय राहिलं होतं? सगळ्या गावासमोर सांगितलं की तिनं. दोनदा सांगितलं. तुम्ही हसलात."

तिनासोआ उठून दारात गेली. कुंपणापलीकडे झेझेच्या अंगणात पोरं वाळूत खेळत होती. झेझे दाराशी पाठमोरी बसली होती. तिनासोआला वाटलं, जावं आणि तिचे केस धरून तिला चिंचेखाली ओढत न्यावं. पण झिवाला शिक्षेपुढे उभं करायचं म्हणजे घरावर आजारपण बोलवायचं. आणि ओढत नेऊन तरी काय होणार? ती पुन्हा म्हणणार, मी खाल्ला. गाव पुन्हा हसणार.

उघडण्याच्या दिवशी वारा पडला. इतके दिवस हाडवैरी असल्यासारखी वागलेली माणसं गाणी म्हणत निघाली. शेजारच्या गावांतून बाजूला उलांडीचं लाकूड बांधलेल्या होड्या आल्या, बायकांनी तोंडाला पिवळा लेप लावला, ऑक्टोपस काढायच्या सळया घासून चकचकीत केल्या. पाणी ओसरलं तसं गाव खडकावर पसरलं. बेनुआ घरात आतल्या बाजूला तोंड करून झोपला होता.

तिनासोआ मात्र किनाऱ्यावर मोजणीच्या मांडवात बसली. खडकावर पाय ठेवायचा नाही असं ठरलं होतं, मोजायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. वुनीच तिला बोलवायला आली होती. प्रत्येक बाईनं आणलेले ऑक्टोपस तिनं तराजूत टाकायचे, पाय उलटून नर की मादी ते बघायचं, वुनीनं लिहायचं. केवढाले मोठे होते ते! बायका हसत येत होत्या, तिनासोआकडे न बघता माल मांडत होत्या आणि हसत जात होत्या. आपण बंद केलेल्या खडकानं एवढं दिलं, याचा तिला आनंद झाला आणि त्या आनंदाचाच राग आला.

झेझे आली ती दुपारकडे. तिच्या काठीवर ऑक्टोपसांची माळ होती. कोणापेक्षा कमी नाही. मागे तिची पोरं उड्या मारत होती.

"घे, मोज चोरटे," ती म्हणाली. आवाज नेहमीचा काढायचा प्रयत्न होता. "नजर नको लावूस."

तिनासोआनं पहिला मोजला. "मादी," ती म्हणाली. वुनीनं लिहिलं. तिनासोआनं तो झेझेकडे परत न देता आपल्या टोपलीत टाकला.

आजूबाजूच्या बायका हसल्या. "घे, घे! झिवाचं आहे, घे!"

"अगं दरोडेखोर!" झेझे म्हणाली.

तिनासोआनं दुसरा मोजला. "नर." आपल्या टोपलीत. तिसरा. आपल्या टोपलीत. हशा वाढला, लांबून माणसं बघायला आली. तिनासोआनं चांगला सूड उगवला, असं कोणीतरी म्हणालं. तिनासोआ हसत नव्हती आणि थांबतही नव्हती. एकेक ऑक्टोपस काठीवरून सुटायचा, तराजूत पडायचा आणि तिच्या टोपलीत जायचा. झेझे हसत राहिली. हसावंच लागतं. झिवानं घेतलं तर नाही म्हणता येत नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा लोकांना वाटलं, हसून हसूनच आलं. सगळ्यात धाकट्या पोरानं आईचं लुगडं ओढलं आणि विचारलं, "आपले पण घेतले?"

शेवटचा तिनासोआनं हातात घेतला. तिनं झेझेच्या डोळ्यांत पाहिलं. हिला सगळं समजलंय, हे झेझेला कळलं होतं. तिला आता बोलायचं होतं, आणि काहीही बोलली तरी लोक हसणार होते.

"मादी," तिनासोआ म्हणाली आणि तो टोपलीत टाकला.

झेझेनं रिकामी काठी उचलली, पोरांना पुढे घातलं आणि गेली. मांडवात अजून हसू चालू होतं. वुनीनं हळूच विचारलं, "हे पण झिवाचंच ना?"

"हो," तिनासोआ म्हणाली. "झिवाचंच."

टोपली घरी नेऊन तिनं सासूपुढे आदळली. वास घरभर पसरला. बेनुआ उठून बसला. हाओवानं हात घालून चाचपलं, एकावर एक.

"सगळे आणलेस?"

"सगळे."

"ती हसली?"

"हसली."

म्हातारीनं हात बाहेर काढून लुगड्याला पुसला. "आता मोठं भांडं ठेव," ती म्हणाली. "आणि पोरांना हाक मार तिच्या. उपाशी आहेत ती."

तिनासोआला नाही म्हणायचं होतं. पण मांडवातल्या त्या धाकट्या पोराचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून जाईना. तिनं भांडं चढवलं. भांड्याला उकळी फुटली तसा तिचा राग कमी झाला नाही, पण थकला. ती कुंपणाशी गेली आणि थट्टेच्या जुन्या सवयीनं, झेझेचाच शब्द उचलून ओरडली, "ए चोरटे! पोरांना घेऊन जेवायला ये, नाहीतर सगळं मी खाईन!"

पलीकडून उत्तर आलं नाही. एरवी तिचं वाक्य संपायच्या आत शिवी यायची.

पोरं आधी आली, धावत. झेझे मागून आली, हातात रिकामी वाटी घेऊन. जन्मात कधी जी त्या दारातून विचारून आत शिरली नव्हती, ती उंबऱ्याबाहेर थांबली. डोक्यावरचं कापड तिनं नीट केलं.

"तिनासोआताई," ती म्हणाली, "आत येऊ का तुमच्याकडे?"

तिनासोआ पळी हातात धरून तशीच उभी राहिली. तिनं वाट पाहिली, झेझे आता हसेल, आता काहीतरी घाणेरडं बोलेल. चुलीवरचं भांडं उतू जायला लागलं.

"ये," ती म्हणाली. "ये ना गं."

झेझे आत आली, कोपऱ्यात बसली, वाढलं तेवढं जेवली आणि जाताना वाटी धुऊन ठेवून गेली. तेव्हापासून ती तिनासोआला ताई म्हणते, चोरटी कधीच नाही. गावाला वाटतं दोघींचं आता फार चांगलं जमतं.